वाघमारे मॅडमनी तपासलेला चेहरा

चाकणच्या आमच्या कंपनीत वाघमारे मॅडमशी भांडण्यात माझी एकोणीस वर्षं गेली, आणि ती वाया गेली असं मला आज अजिबात वाटत नाही. मी पेंट शॉपचा सुपरवायझर, त्या क्वालिटीच्या इन्स्पेक्टर. आम्ही मोटारींचे बंपर रंगवायचो आणि त्या ते परत पाठवायच्या. कामाची वाटणी अशी स्वच्छ होती.

रंगवलेला बंपर आमच्याकडून निघाला की ट्यूबलाइटच्या एका बोगद्यात जायचा. दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरून नुसता पांढरा उजेड. तिथे मॅडम पांढरे सुती हातमोजे घालून उभ्या. आधी डोळ्यांनी बघायच्या, मग डोळे मिटून तळहात फिरवायच्या. हात कुठे थबकला की मी लांबूनच मान उंच करायचो. मग खिशातली पिवळी पेन्सिल निघायची, बंपरवर एक गोल पडायचा आणि त्या एकच शब्द बोलायच्या. ‘धूळ.’ किंवा ‘ओघळ.’

“मॅडम, हे गिऱ्हाइकाला दिसणारसुद्धा नाही,” मी म्हणायचो.

“बोऱ्हाडे साहेब, गिऱ्हाइकाला दिसल्यावर तुम्ही जाणार आहात का त्याच्याकडे, समजूत घालायला?”

एरवी मी त्यांचा ‘बोऱ्हाडे भाऊ’. ‘साहेब’ म्हणाल्या की समजायचं, आज माल सुटत नाही. मग मी आवाज चढवायचो, त्या चढवायच्या, मधे प्लांट मॅनेजर यायचे आणि आमच्या दोघांच्याही तोंडाकडे बघून निघून जायचे. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्या डब्यातली जवसाची चटणी न विचारता माझ्या ताटात घालायच्या. भांडण बोगद्यातलं बोगद्यात राहायचं.

कंपनीबाहेरही त्यांचा हात स्वस्थ बसत नसे. काळेवाडीत त्यांच्या घराजवळचा भाजीवाला त्यांना बघितलं की वांग्यांची पाटीच पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, “मॅडम, तुमची तुम्ही निवडा, मला ताप नको.” मोशीला मी नवं घर बांधलं तेव्हा त्या वास्तुशांतीला आल्या होत्या. पानावर बसण्याआधी त्यांनी हॉलच्या भिंतीवरून सहज हात फिरवला. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून मी ती भिंत पुन्हा घासून घेतली.

त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. मुलगी डिप्लोमाला गेली तेव्हा त्यांनी तिला बारीक माप घ्यायचा एक व्हर्नियर आणून दिला होता, दागिना द्यावा तसा. मॅडमनी तो अजून जपलाय. वडिलांचं नाव निघालं की त्या एवढंच सांगायच्या, “आमचे दादा माप चुकू द्यायचे नाहीत.”

आणि चूक स्वतःच्या खात्याची असली तर तीही त्या सोडत नसत. एकदा लातूरकडची एक नवी मुलगी त्यांच्या हाताखाली लागली. पहिल्याच आठवड्यात तिने माझे सगळेच्या सगळे बंपर ‘वाकडे’ म्हणून बाजूला काढले. मी तणतणत गेलो. मॅडमनी मला एका हाताने थांबवलं आणि त्या मुलीला विचारलं, “कसे तपासलेस?”

“टेबलावर ठेवून, मॅडम.”

“आडवे? अगं, प्लास्टिक आहे ते. आडवं ठेवलं की आपल्याच वजनानं बसतं. गाडीवर जसा असतो तसा स्टँडला लाव, आणि मग बघ.”

स्टँडला लावल्यावर एकही वाकडा निघाला नाही. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘वस्तू जशी वापरात असते तशी तपासा.’ आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, “चूक आमची, भाऊ.” एकोणीस वर्षांतला माझा तो एकमेव निर्भेळ विजय.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. आमच्यात हे सगळ्यांनाच सांगतात आणि कोणीच करत नाही. मॅडमनी केलं. पहाटे उठून घरापासून विहारापर्यंत आणि परत, रोज तीन फेऱ्या. फ्रिजच्या दारावर वजनाचा आलेख. भात बंद, कंपनीतल्या वाढदिवसांचा केक बंद. दीड वर्षात सव्वीस किलो उतरले. साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, जिने त्या आमच्या पोरांच्या आधी चढायला लागल्या.

घोळ झाला तो चेहऱ्याचा. भरलेला गोल चेहरा होता त्यांचा. आतलं सगळं आटलं आणि कातडी तशीच राहिली. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लोंबायला लागली, गळ्याला झोळ पडला. बाई होत्या ठणठणीत आणि दिसायला लागल्या महिनोन्‌महिने अंथरुणावर काढून उठल्यासारख्या.

कंपनीत कुजबूज सुरू झाली. कोणीतरी ‘कॅन्सर’ म्हणालं आणि तेच पक्कं झालं. एक दिवस माझ्या पेंट शॉपमधले चौघे जण खाली माना घालून मॅडमच्या टेबलापाशी गेले. त्यांनी एक कागद पुढे केला. पेंट शॉपमधल्या सगळ्यांची नावं आणि पुढे रक्तगट. “मॅडम, कधीपण लागलं तर फोन करा,” त्यांतला एक म्हणाला. ज्या पोरांचा माल ही बाई रोज परत पाठवत होती, ती पोरं. मॅडमनी कागद नीट वाचला. म्हणाल्या, “शिंदेचं नाव दोनदा आलंय, आणि दोन्हीकडे रक्तगट वेगळा आहे. आधी तो तपासून घ्या.” पोरं गेली तेव्हा मॅडमचे डोळे भरले होते. मला वाटलं, बाईंना खरंच काहीतरी आहे.

माझ्या आईनेही भर घातली. नवरात्रात मॅडम आणि त्यांचे मिस्टर, दिलीपराव, मोशीला घरी आले होते. आई त्यांच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “लई वाळलीस गं पोरी. औशद चालू हाय का न्हाई?”

“आई, मी बरी आहे. मुद्दाम केलं कमी.”

“व्हय व्हय,” आई म्हणाली. त्या गेल्यावर मला म्हणाली, “सांगत न्हाई ती. आसतंय आसं. तू तिला तरास दिऊ नगंस.”

आणि मी खरंच त्रास देणं बंद केलं. त्यांनी गोल काढला की मी बंपर मुकाट्याने उचलून घेत होतो. ओघळ म्हणाल्या, ओघळ. धूळ म्हणाल्या, धूळ. आपण मोठे समजूतदार झालो असं मला वाटत होतं. एके दिवशी त्यांनी एका बंपरवर जिथे गोल काढला तिथे काहीच नव्हतं, अगदी स्वच्छ रंग होता. मी तोही उचलला.

“ठेवा तो खाली,” त्या म्हणाल्या. “काय आहे त्यात?”

“तुम्ही म्हणताय तर असेल.”

“काही नाहीये त्यात. मी मुद्दाम गोल काढला. दोन महिने झाले, भाऊ, तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत. तुम्ही नाही, दुसऱ्या शिफ्टचे नाहीत, कोणीच नाही. मी चुकले तर आता मला कोण सांगणार? मेलेल्या माणसाशी बोलतात तसे बोलताय सगळे.”

मी बंपर खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एका बंपरवरून आवाज चढवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “उसनं भांडण नको मला.” इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

त्यानंतर आठवड्याभराने, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी माझ्यापुढे एक तक्ता ठेवला. कंपनीत आम्ही दोन पद्धतींची तुलना करायला वापरतो तसाच. वर रकाने होते: धागे, छोटी शस्त्रक्रिया, मधली, खोल थराची. आणि शेवटचा रकाना, ‘काहीच न करणे’. खाली टिकण्याचा काळ, धोके, सुट्टी, व्रण. चेहरा उचलण्याच्या शस्त्रक्रियांचा तक्ता होता तो. फेसलिफ्ट म्हणजे नट्यांचं काम अशी माझी समजूत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“आतला माल ओके आहे, भाऊ. वरून खराब दिसतोय म्हणून कोणी हात लावत नाही. याला आपल्याकडे काय म्हणतात?”

“रिवर्क. वरचं दुरुस्त करायचं.”

“मग? डॉक्टरकडे जाताना तुम्ही बरोबर या. घरचे गोड बोलतात. तुम्हाला तेवढं जमत नाही.”

दिलीपरावांचा विरोध होता. “या वयात कोणाला दाखवायचंय?” असं ते म्हणाले, तेव्हा मॅडमनी उत्तर दिलं, “मला दाखवायचं नाहीच. लोकांनी माझ्याकडे बघत राहणं थांबवावं म्हणून करतेय.” विरोध कायम होता, पण गाडी काढायला मात्र तेच आले.

पहिलं क्लिनिक झगमगीत होतं. तिथल्या मुलीने संगणकावर मॅडमचा फोटो घेऊन दोन मिनिटांत त्यांना पस्तिशीचं करून दाखवलं. कातडीखाली धागे घालायचे, तासाभरात घरी. मॅडमनी विचारलं, “वर ओढलेली जादा कातडी जाते कुठे?” मुलगी म्हणाली, “ती ॲडजस्ट होते, मॅम.” मॅडम उठल्या. गाडीत बसताना म्हणाल्या, “ॲडजस्ट होते म्हणणाऱ्याकडून मी आजपर्यंत काहीही पास केलेलं नाही.”

दुसरे डॉक्टर वयस्क होते, प्लास्टिक सर्जन. त्यांच्या खोलीत गेल्यावर मॅडमनी तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला आणि मी आणि दिलीपराव बघतच राहिलो. घरूनच त्यांनी चेहऱ्यावर पिवळ्या पेन्सिलीने नऊ गोल काढून आणले होते. डोळ्यांखाली, गालांवर, ओठांच्या कोपऱ्यांशी, जबड्यावर, गळ्याला. तक्ताही पुढे केला. “माझ्या मते खोल थराची करावी लागेल. सगळाच चेहरा उतरलाय.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तक्ता शेवटच्या रकान्यापर्यंत वाचला. मग विचारलं, “या खुणा कशा केल्यात?”

“आरसा टेबलावर ठेवला, वरून दिवा सोडला, आणि वाकून बघत केल्या. हात मोकळे राहतात ना.”

“आरसा टेबलावर आडवा?”

“हो.”

डॉक्टरांनी त्यांना ताठ बसवलं, हनुवटी सरळ केली आणि हातातला आरसा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा धरला. “आता बघा.”

मॅडम बघत राहिल्या. गालांवरचे गोल रिकाम्या जागी होते. डोळ्यांखाली तर काहीच नव्हतं. वाकून बघितलं की सगळं पुढे लोंबतं, कोणाचंही लोंबेल. सरळ बसल्यावर नऊतले तीनच गोल खरे उरले, सगळे जबड्यावर आणि गळ्याला.

माझ्याने राहवलं नाही. “मॅडम, आडवा ठेवून तपासलात.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की नोकरीत नवा असतो तर पळालो असतो. मग त्यांना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. डॉक्टरांना काही कळेना, तेव्हा दिलीपरावांनी त्यांना बंपरची गोष्ट सांगितली. ती त्यांना घरी ऐकून पाठ झालेली होती.

मग डॉक्टरांनी तक्त्यावर एकेक रकाना घेतला. धागे नकोत, कारण कातडी जास्त झालीय, ओढली तर गोळा होईल आणि काही महिन्यांत खाली येईल. छोटीत कानापुढे छोटी चीर, ती गळ्यापर्यंत पोचत नाही. खोल थराची गालाचा मधला भाग उचलते. “तुमचा गाल उतरलेला नाही, आटलाय. तो उचलून काय करायचं?” राहिली मधली. कानापुढून कानामागे चीर, कातडीखालचा थर घट्ट करायचा, जबडा आणि गळा धरून जादा कातडी काढायची. धोकेही त्यांनी न विचारता सांगितले. आत रक्त साचू शकतं. कानाभोवती काही महिने बधिर वाटतं. एखादी नस दुखावली तर ओठाचा कोपरा काही काळ हलत नाही, क्वचित कायमचा.

“आणि वय थांबत नाही,” ते म्हणाले. “आज केलंत तरी म्हातारपण यायचं ते येणार.”

“वॉरंटी मागतच नाहीये मी.”

“नाही केलंत तरी चालण्यासारखं आहे. मग कशासाठी करताय?”

मला वाटलं, बाई लोकांच्या प्रश्नांचं सांगतील. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हे माझ्याशी भांडत नाहीत.” मग डॉक्टरांकडे वळल्या. “डॉक्टर, मी माझ्या कामात चांगली आहे. मला कोणी तोडीस तोड समजून बोलावं एवढंच हवंय. कीव आली की माणूस खरं बोलायचं सोडतो.”

डॉक्टरांनी लगेच होकार दिला नाही. सहा महिने वजन आहे तिथेच राहू द्या, साखर आत्ता आहे तशी ठेवा, मग या. वजन पुन्हा खालीवर झालं तर सगळी मेहनत फुकट. मॅडमनी बाहेर आल्या आल्या ती तारीख डायरीत लिहिली. त्यांना आवडलेला तो पहिलाच डॉक्टर.

ते सहा महिने सोपे गेले नाहीत. कीव चालूच होती. एकदा बसमध्ये चाकणला जाताना त्या म्हणाल्या, “शेवटचा रकाना, काहीच न करण्याचा, भारी होत चाललाय, भाऊ. ओठ वाकडा राहिला तर? चांगला चालणारा पार्ट आपणच खोलायचा का?” मी काही सल्ला दिला नाही. मला तो देताही आला नसता. बस मोशीच्या चौकात अडकली होती, दुचाक्या दोन्ही बाजूंनी घुसत होत्या. मॅडमनी डोळे मिटले आणि स्वतःच्या जबड्यावरून तळहात फिरवला, हळूहळू, कानापासून हनुवटीपर्यंत. बंपरवरून फिरवायच्या तसाच. मग डोळे उघडून म्हणाल्या, “रिवर्क. मधली.”

शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी मी भेटायला गेलो. चेहरा सुजलेला, निळापिवळा. दिलीपराव मुगाचं कढण घेऊन मागे उभे, आता विरोध वगैरे सगळा विसरलेले. मॅडम हसल्या. उजवी बाजू हसली, डावा कोपरा जागचा हलला नाही.

“घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “डावी बाजू सेकंड शिफ्टची आहे. उशिरा येते.”

पण त्या घाबरल्या होत्या. टेबलावर एक वही होती आणि रोज सकाळी त्या आरशासमोर, उभ्या आरशासमोर, हसून कोपरा किती हलला ते लिहीत होत्या. डॉक्टर म्हणत होते, येईल. पाच आठवडे तो आला नाही. सहाव्या आठवड्यात एका सकाळी मला फोन आला. “भाऊ, आला.” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या कामावर परतल्या तेव्हा पस्तिशीच्या वगैरे दिसत नव्हत्या. पंचावन्नच्याच दिसत होत्या, पण पंचावन्नच्या धडधाकट बाईसारख्या. लपवाछपवी नाही. लातूरच्या त्या मुलीने चाचरत विचारलं तर केस बाजूला करून कानामागचा व्रण दाखवला आणि वर म्हणाल्या, “इथे एक टाका जरा जाड आलाय. पण चालण्यासारखा आहे.” पोरं आधी बिचकली. आजारपणाची इतकी सवय झाली होती त्यांना, की बरं असणं अंगवळणी पडायला वेळ लागला. मीही त्यातलाच. भांडायला तोंड उघडायचो आणि आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो, आणि त्यांना ते कळायचं. त्या खऱ्या भांडणाची वाट बघत होत्या.

तेवढ्यात माझी निवृत्ती आली. शेवटच्या दिवशी हार, नारळ, प्लांट मॅनेजरांचं भाषण झालं. मॅडम कार्यक्रमाला आल्या नाहीत. मला वाईट वाटलं. निघताना मी मुद्दाम लाइनवरून गेलो.

त्या बोगद्यात होत्या. समोर माझ्या जागी आलेला नवा सुपरवायझर, हातात बंपर, कानशिलं लाल. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात मॅडम हनुवटी वर करून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. तो ओरडत होता, “राव, काय लावलंय हे? पूर्ण लॉट अडवताय तुम्ही. कुठेय ओघळ? दाखवा मला. तुम्हाला दिसतच नसेल तर चष्मा बदला.”

मी काचेबाहेर थांबलो. निरोप घ्यायचा होता. मॅडमनी मला बघितलं, एक हात वर करून ‘थांबा जरा’ अशी खूण केली आणि परत त्याच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज काचेतून स्पष्ट ऐकू आला.

“साहेब, चष्मा कालच बदललाय. बोला.”

मी दहा मिनिटं थांबलो. भांडण संपायची काही लक्षणं दिसेनात. मग मी निघालो, आणि गेटपर्यंत मला त्या दोघांचा आवाज येत राहिला.